नव्या कार्यकारिणीला हिशेब देताना

(भिलाई-३ येथील आरोग्य विमा एजंटांच्या संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मावळत्या कार्यकारिणीच्या वतीने झालेले भाषण. सभेत बोलणे निम्मे हिंदीत, निम्मे मराठीत झाले. मासिकाच्या मराठी विभागासाठी ते सगळे मराठीत उतरवून दिले आहे.)



अहवाल आपल्या हातात आहे. जमाखर्च खजिनदारांनी वाचून दाखवला, त्यावर दोन प्रश्न आले आणि त्यांची उत्तरेही झाली. आता मावळत्या कार्यकारिणीने चार शब्द बोलायचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. सहसा हे चार शब्द आभाराचे असतात. आभार आहेतच. परंतु आज आम्ही काय सोपवत आहोत, त्यात धड काय आणि मोडके काय, हे नव्या मंडळींना सर्वांसमक्ष सांगावे असे आम्ही कालच्या बैठकीत ठरवले. खोलीत बसून कानात सांगितलेल्या गोष्टी वर्षभरात विसरल्या जातात, आणि मग प्रत्येक नवी कार्यकारिणी पहिल्यापासून ठेचा खात बसते.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

आपल्या एका सभासदाचे एक ग्राहक आहेत. किराणा दुकान चालवतात. त्यांच्या पत्नीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. कंपनीने दावा नाकारला. कारण दिले की रक्तदाबाचा जुना त्रास अर्जात लपवला होता. पॉलिसी सहाव्या वर्षात होती, एकही हप्ता चुकला नव्हता. आपले सभासद कागद घेऊन संघटनेकडे आले. त्या वेळी असली सगळी प्रकरणे आमचे सरचिटणीस एका वहीत लिहून ठेवत आणि बाकीचे त्यांच्या डोक्यात असे. वहीत तारीख होती, पण पुढे काय करायचे ते वहीत नव्हते. मधल्या काळात सरचिटणीस स्वतः आजारी पडले आणि चार महिने घरी होते. त्यांच्या जागी कोणी काय बघायचे हे ठरलेले नव्हते. आम्हाला वाटले ते बघत असतील, त्यांना वाटले आम्ही बघत असू. वही उघडली तेव्हा कंपनीने तक्रार फेटाळल्याला वर्ष उलटून दोन महिने झाले होते. विमा लोकपालांकडे जाण्याची मुदत एक वर्षाची असते. उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे आणि त्यासाठी विनंती करता येते, हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. दुकानदार भल्या मनाचे. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, नशिबात नव्हते." नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. पाच वर्षे अखंड हप्ते भरलेल्या पॉलिसीबद्दल माहिती लपवल्याचा आक्षेप, उघड फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, कंपनीला घेता येत नाही. असे बाजूचे प्रकरण आम्ही मुदतीत पाठवले नाही.

हे सांगून कोणाला कमीपणा आणायचा नाही. सरचिटणीसांनी अकरा वर्षे ही संघटना पाठीवर वाहिली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. चूक त्यांची नाही, चूक आम्हा सर्वांची. एकाच्या पाठीवर सगळे टाकून आम्ही निर्धास्त राहिलो. आज नवे नेतृत्व निवडताना नावांची चर्चा फार झाली, त्यापेक्षा या वहीची चर्चा जास्त व्हायला हवी होती.

आता आपण कोण आहोत ते थोडे बोलू, कारण नव्या सभासदांपैकी काहींना संघटनेची गरजच का, असा प्रश्न पडतो. भिलाईत पोलाद कारखान्याच्या कायम कामगाराला सेक्टर ९ चे रुग्णालय आहे. इथे मार्शलिंग यार्डात आणि लोकोशेडमध्ये काम करणाऱ्या रेल्वे कामगाराला रेल्वेची वैद्यकीय सेवा आहे. छोट्या कारखान्यातल्या कामगाराला, त्याचे वेतन मर्यादेत असेल आणि मालकाने खरोखर नाव नोंदवले असेल तर, कामगार राज्य विमा योजना आहे. १९४८ च्या कायद्याने आलेली आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीपासून सुरू झालेली. गरीब कुटुंबांना २०१८ पासून आयुष्मान योजनेचे कार्ड आहे. या सगळ्यांच्या मधल्या फटीत जो माणूस राहतो तो आपला ग्राहक. खाजगी शाळेतली शिक्षिका, एका ट्रकचा मालक, ठेकेदाराकडचा सुपरवायझर, औषधाचे दुकान, शिवणकाम. कोणाचे वेतन चार आण्यांनी वाढले आणि तो कामगार विम्याच्या मर्यादेबाहेर गेला, की तो आपल्याकडे येतो. त्याला पॉलिसी समजावून सांगणारा, इस्पितळाच्या काउंटरवर रात्री बारा वाजता उभा राहणारा माणूस म्हणजे आपण.

आणि आपल्याला स्वतःला काय आहे? दोन वर्षांपूर्वी याच सभेत आम्ही विचारले होते की कोणाकोणाची स्वतःची आरोग्य पॉलिसी चालू आहे, हात वर करा. निम्मे हातही वर आले नव्हते. आपण नोकर नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, कामगार विमा नाही, रजा नाही. एल.आय.सी.च्या एजंटांना निदान ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने तिची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. ती सहजासहजी मिळालेली नाही, त्यामागे त्यांच्या संघटनांची वर्षानुवर्षांची निवेदने आणि धरणी आहेत. आरोग्य विम्यातल्या एजंटाला तसले काही नाही. ही तुलना नव्या कार्यकारिणीने सतत पुढे ठेवावी.

कायद्यात काय काय बदलले, ते आता सांगतो. काही जणांना हा भाग रुक्ष वाटेल, पण ग्राहक आपल्याला हेच विचारतो आणि आपण चुकीचे सांगितले तर दोष आपल्यावर येतो.

मेडिक्लेम आपल्या देशात १९८६ मध्ये आला. तेव्हा सर्वसाधारण विमा संपूर्ण सरकारी होता. १९७२ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्या एकत्र करून चार कंपन्या केल्या होत्या. पुढे १९९४ च्या जानेवारीत मल्होत्रा समितीचा अहवाल आला, १९९९ मध्ये नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. ज्यांनी त्या काळी विमा कर्मचाऱ्यांच्या सह्यांच्या मोहिमेत सही केली होती, असे दोघे-तिघे आजही या सभागृहात बसले आहेत. परकीय भांडवलाची मर्यादा तेव्हा २६ टक्के ठेवली गेली. २०१५ मध्ये ती ४९ झाली, २०२१ मध्ये ७४ झाली, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने केलेल्या दुरुस्तीने ती १०० टक्क्यांवर नेली. प्रत्येक वेळी सांगण्यात आले की एवढेच, याच्यापुढे नाही. २०२१ मध्येच सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असलाच पाहिजे ही अट काढून टाकणारी दुरुस्ती झाली. त्या वर्षी १७ मार्चला सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला. आपल्या संघटनेने पाठिंब्याचा ठराव केला, पण मोर्चाला आपली सहा माणसे गेली. सहाच.

याची चर्चा आपल्यात नीट झालेली नाही. आपल्यातले बरेच जण खाजगी कंपन्यांच्या पॉलिसी विकतात. ते म्हणतात, सरकारी कंपनी टिकली काय आणि विकली गेली काय, आमचे त्यात काय जाते? आमचे मत असे की जाते. सरकारी कंपनी बाजारात आहे तोवर खाजगी कंपनीला हप्त्याच्या बाबतीत आणि म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवण्याच्या बाबतीत एक मर्यादा राहते. ती गेली की ग्राहक जाईल, आणि त्याच्यामागून आपण जाऊ. परंतु हे आमचे मत आहे, संघटनेचा ठराव नाही. नव्या कार्यकारिणीने यावर एक पूर्ण दिवसाची चर्चा ठेवावी आणि दोन्ही बाजूंना बोलू द्यावे.

आता ग्राहकाच्या हक्कांबद्दल. २०२४ साली नियमांत बरेच चांगले बदल झाले, हे मान्य केले पाहिजे. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीनवर आला. माहिती लपवल्याचा आक्षेप घेण्याची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आली. मघाशी दुकानदारांचे जे प्रकरण सांगितले ते यातच बसत होते. कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास, असे प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने ठरवले. तीन तासांच्या पुढे खोळंबा होऊन इस्पितळाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. दावा नाकारायचा तर कंपनीच्या दावा समीक्षा समितीच्या संमतीशिवाय नाकारता येत नाही. पॉलिसी पसंत पडली नाही तर परत करायला तीस दिवस मिळतात. २०२५ च्या जानेवारीत आणखी एक सूचना निघाली: साठ वर्षांवरील लोकांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करायची.

कागदावर हे सारे छान आहे. तीन तासांचा नियम आपल्यातल्या कोणी कोणी इस्पितळाच्या काउंटरवर बोलून दाखवला आणि समोरच्या मुलाने "कोणता नियम?" असे विचारले, ते आपण मागच्या बैठकीत ऐकलेच. त्या मुलाचा दोष नाही. त्याला कोणी शिकवले नाही आणि त्याचा पगार आपल्या कमिशनहून कमी आहे. आम्ही परिपत्रकातल्या या तरतुदींची एक पानाची हिंदी प्रत काढून प्रत्येक सभासदाला दिली. ती ग्राहकाच्या पॉलिसीच्या पाकिटातच घालत जा. रात्री बारा वाजता कागद दाखवला की आवाज चढवावा लागत नाही.

लोकपालांच्या बाबतीतही नीट लक्षात ठेवा. छत्तीसगडसाठी कार्यालय भोपाळला आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, एक महिना वाट बघायची, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर लोकपालांकडे जायचे. फी नाही. भरपाईची कमाल मर्यादा ५० लाख आहे. तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः, किंवा त्याच्या वारसाने, नामनिर्देशित व्यक्तीने करायची असते. आपण अर्ज लिहायला मदत करायची, कागद लावून द्यायचे आणि मागे राहायचे. २०२१ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. भोपाळची तिकिटे काढण्याच्या धास्तीने किती तक्रारी घरातच विरून गेल्या असतील! आता ती सबब उरलेली नाही.

यापुढचा विषय सर्वांत तापलेला आहे. जी.एस.टी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर उठला. गट विम्यावर तो राहिला. समजा पॉलिसीचा मूळ हप्ता २०,००० रुपये आहे. ग्राहक आधी २३,६०० भरत होता, आता २०,००० भरतो. आनंदाची गोष्ट आहे. ही मागणी कामगार संघटनाही करत होत्या, आणि आपण स्वतः दोन निवेदने पाठवली होती. मात्र आपल्या कमिशनवर कंपनी जो कर भरते, तो कर पूर्वी कंपनीला हप्त्यावर गोळा केलेल्या करातून वजा करून घेता येत होता. आता हप्त्यावर करच नाही, मग वजावट कशातून? तो बोजा कोणावर तरी पडणार होता. काही कंपन्यांनी ऑक्टोबरपासून पत्रे पाठवली की यापुढे कमिशनच्या रकमेतच कर धरला जाईल. म्हणजे १५ टक्के दराने ३,००० रुपये कमिशन होणाऱ्या पॉलिसीवर हातात २,५४२ पडतात. शंभराला सव्वापंधरा रुपये कमी. चर्चा नाही, विचारणा नाही, चार ओळींचे पत्र.

त्या आठवड्यात इथे झालेली बैठक तुम्हाला आठवत असेल. काही जण म्हणाले, ग्राहकांना सांगू की सरकारने करमाफी दिली म्हणून आमचे नुकसान झाले. काही जण म्हणाले, नव्या पॉलिसी घ्यायच्याच बंद करू. आम्ही दोन्हीला विरोध केला आणि त्याबद्दल आम्हाला बरेच ऐकून घ्यावे लागले. आजही आमचे तेच मत आहे. करमाफी लोकांच्या हिताची आहे; तिच्या विरोधात उभे राहिलो तर आपल्या बाजूने कोणीही उभे राहणार नाही, आणि बरोबरच आहे. आपली मागणी एका ओळीची असली पाहिजे: ग्राहकाला दिलेली सवलत एजंटाच्या खिशातून वसूल करू नका. नव्या पॉलिसी बंद ठेवण्याचा विचार तर आम्हाला मुळीच पटला नाही. ज्या घरात कमिशन हेच उत्पन्न आहे त्या घराला दोन महिने कोण सांभाळणार? आपल्या निधीत तेवढी ताकद नाही. बँका आणि मोबाइलवरचे विक्रेते त्या दोन महिन्यांत आपले ग्राहक घेऊन जातील ते वेगळेच.

आम्ही कंपन्यांच्या शाखांना आणि प्राधिकरणाला निवेदने दिली. एका शाखेने पोच दिली, बाकी ठिकाणी निवेदन शिपायाकडे राहिले. हे काम अपुरे सोपवत आहोत. यात एक अडचण मूळची आहे. २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी एजंटाचा परवाना नियामकाच्या नावाने निघे. आता कंपनीच नेमणूक करते आणि कंपनीच ती काढून घेऊ शकते. एजंटाने एका जीवन विमा कंपनीचे, एका सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि एका आरोग्य विमा कंपनीचे काम करायचे, अशी चौकट २०१६ च्या नियमांनी घातली. तेव्हा शाखेत जाऊन निवेदनावर पहिली सही करणाऱ्याला मनात भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून आम्ही निवेदनावर एकाचे नाव वर न ठेवता गोलाकार सह्या घेतल्या. जुन्या गिरणीकामगारांची ही युक्ती आम्हाला एका वडीलधाऱ्या सभासदाने सांगितली. नव्या मंडळींनी ती सोडू नये.

कंपनी काय करते ते बोललो, तसे आपणही काय करतो ते बोलले पाहिजे. ग्राहकाला कमिशनमधून सूट देणे विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे आणि २०१५ पासून त्याला १० लाखांपर्यंत दंड आहे. तरी आपल्यात ते चालते. एकाने सूट दिली की शेजारच्याला द्यावी लागते, आणि कंपनीला म्हणायला मोकळीक मिळते की यांना कमिशन परवडते म्हणून तर वाटतात. सव्वापंधरा रुपयांसाठी आपण निवेदन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तीस रुपये सोडायचे, याला काय म्हणावे? गेल्या वर्षी या विषयावर आम्ही ठराव आणला आणि मागे घेतला, कारण मतदान झाले असते तर तो पडला असता. हा आमचा कमकुवतपणा होता.

कामगार कायद्यांतही मोठा बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. कामगार राज्य विम्याचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संपाच्या हक्कावर त्यात जी बंधने घातली आहेत त्यांच्याबद्दल देशातल्या मध्यवर्ती संघटनांचा विरोध आहे आणि तो आपलाही आहे. कमिशनवर जगणाऱ्याला कामगार म्हणायचे की नाही, हा वाद मात्र जुन्या कायद्यातही होता आणि नव्यातही मिटलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित आणि स्वयंरोजगारी माणसासाठी योजना करण्याची भाषा आहे. योजना कधी येईल ते येवो, पण ती आली तर आपले नाव यादीत असावे म्हणून सर्व सभासदांनी ई-श्रम नोंदणीचे बघून घ्यावे. प्राप्तिकर भरणारे त्यात बसत नाहीत, बाकीच्यांनी टाळू नये.

आता नेतृत्वाबद्दल. आपण इथे बसलो आहोत तिथून दुर्गकडे निघाले की भिलाई पॉवर हाऊस स्टेशन लागते. १ जुलै १९९२ रोजी तिथे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, भिलाईतच शंकर गुहा नियोगी यांचा खून झाला होता. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांची १९७७ मधली संघटना, कामगारांच्या वर्गणीतून १९८३ मध्ये उभे राहिलेले शहीद हॉस्पिटल, भिलाईच्या कारखान्यांतल्या ठेका कामगारांचा लढा, हे सगळे ज्या एका माणसाभोवती उभे होते तो माणूस गेला. चळवळ संपली नाही, पण पुढच्या काळात तिच्यात गट पडले. हॉस्पिटल मात्र चालू राहिले. आम्हाला यातून जे दिसते ते असे की हॉस्पिटलमध्ये रोजचे काम ठरलेल्या माणसांकडे वाटलेले होते, म्हणून एक माणूस गेला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर निघाला. आपली संघटना त्या मानाने मुंगीएवढी आहे. तिला कोणी गोळ्या घालणार नाही, ती एका माणसाच्या मधुमेहाने बंद पडेल.

फुटीबद्दलही एक शब्द. आज अध्यक्षपदासाठी दोन नावे होती आणि मतदान झाले. ज्यांचे नाव मागे पडले त्यांच्याभोवती उद्या चहाच्या टपरीवर चार जण जमतील आणि वेगळी संघटना काढा म्हणतील. नागपूर इथून लांब नाही. १९२९ साली तिथल्या अधिवेशनात आयटकमध्ये फूट पडली, ना. म. जोशींसारखा जन्म कामगार चळवळीत घातलेला माणूस बाहेर पडला. पुन्हा एकत्र यायला १९४० साल उजाडावे लागले. त्यांच्यातले मतभेद निदान मोठ्या तत्त्वांचे होते. आपले मतभेद सभा रविवारी घ्यावी की शनिवारी, यावरून सुरू झाले होते हे विसरू नका. मागे पडलेल्या आमच्या मित्राने कार्यकारिणीत राहायचे कबूल केले आहे. प्रकरणांची वही त्यांच्याकडे द्यावी, अशी आमची शिफारस आहे. अक्षर चांगले आहे आणि तारखा विसरत नाहीत.

तरुणांबद्दल आमच्या मनात किंतु होता, तो आम्ही आज काढून टाकतो. नव्या सरचिटणीस पस्तिशीच्या आहेत, संघटनेच्या पहिल्या महिला सरचिटणीस आहेत, आणि आमच्यातले काही जण अजून त्यांना "ताई, तुम्ही घर सांभाळून कसे कराल" असे विचारतात. सरचिटणीसांना हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. त्यांचे घर तेव्हा वहिनी सांभाळत होत्या आणि संघटनेच्या पाकिटांवर पत्ते पण वहिनीच लिहीत होत्या, हे अहवालात कुठेही आलेले नाही. आज इथे नोंदवून ठेवतो.

नव्या पदाधिकाऱ्यांनी पहिल्या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात असे आम्हाला वाटते. पदाधिकारी बदलल्याची सूचना निबंधकांच्या कार्यालयात वेळेत जाऊ द्या. मागच्या वेळी आम्ही ती उशिरा दिली आणि वर्षभर पत्रव्यवहार जुन्या नावाने येत राहिला. बँकेतल्या सह्या बदला, आणि दोन ऐवजी तीन सह्या ठेवून कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार होईल असे करा, म्हणजे एक माणूस आजारी पडला तर खाते गोठणार नाही. बाहेरच्या मार्गदर्शकांची संख्या कायद्याच्या मर्यादेत ठेवा: एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांत जी संख्या कमी ती. सल्ला देणारे बरेच मिळतात, शाखेत निवेदन घेऊन जाणारे आपल्यातूनच निघाले पाहिजेत.

वहीच्या बाबतीत आम्ही गेल्या तीन महिन्यांत थोडी डागडुजी केली आहे. प्रत्येक प्रकरणाला आता एक पान आहे. वर दावा नाकारल्याची तारीख, कंपनीकडे लेखी तक्रार केल्याची तारीख, महिना संपण्याची तारीख आणि लोकपालांची मुदत संपण्याची तारीख, अशा चार तारखा लाल शाईने. खाली ते प्रकरण कोणाकडे आहे आणि तो नसेल तर कोणाकडे, अशी दोन नावे. सध्या नऊ पाने भरलेली आहेत. त्यांतल्या दोन पानांवरची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ती आम्ही दुमडून ठेवली आहेत. त्यांतले एक प्रकरण चरोद्याच्या त्या विधवा बाईंचे आहे, ज्यांच्या मुलाला आपण सगळे ओळखतो. त्यांचा अर्ज लिहून तयार आहे, इस्पितळाचा डिस्चार्जचा कागद तेवढा यायचा आहे.

कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत. एक खजिनदारांकडे राहील, दुसरी ताईंकडे देतो. खालच्या कप्प्याचे कुलूप बिघडलेले आहे, ते जरा उचलून धरले की लागते.